चतुर्थीचा चंद्र आणि पेटीतील घड्याळ

संकष्टी चतुर्थीचे व्रत आपल्या समाजातील कित्येक घरांतून आजही निष्ठेने पाळले जाते. दिवसभर उपवास करावयाचा, सायंकाळी गणपतीची पूजा करावयाची आणि चंद्रदर्शन झाल्यावरच अन्न ग्रहण करावयाचे, असा या व्रताचा नेम आहे. साहजिकच चंद्रोदयाची नेमकी वेळ ठाऊक असणे ही व्रतस्थाच्या दृष्टीने किरकोळ बाब नव्हे. त्यातून आमच्या या बेटावर डोंगरमाथ्याकडील गावांत ढग उतरले म्हणजे चंद्र उगवूनही दिसत नाही, आणि मग सारी भिस्त घड्याळावरच ठेवावी लागते.

मुंबई-पुण्याकडून येणाऱ्या दिनदर्शिकेत चंद्रोदयाच्या वेळा छापलेल्या असतात. परंतु त्या येथे उपयोगी पडत नाहीत. भारताचे घड्याळ मॉरिशसच्या पुढे दीड तास आहे, तेवढा वजा केला की झाले, असे पुष्कळांस वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. मुंबई आणि पोर्ट लुई यांच्या रेखांशांत सुमारे १५ अंशांचे अंतर आहे, म्हणजे आकाशाच्या हिशेबाने एका तासाचे. घड्याळे मात्र दीड तासाने भिन्न ठेवलेली आहेत. शिवाय मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेस १९ अंशांवर, तर आम्ही दक्षिणेस २० अंशांवर. तिकडे दिवस मोठा होतो तेव्हा इकडे लहान होतो. त्यामुळे दोन्ही ठिकाणच्या चंद्रोदयांतील फरक वर्षभर सारखा राहत नाही. तो येथील अक्षांश-रेखांश धरून नव्यानेच काढावा लागतो.

हे गणित करणारा एक लहानसा प्रोग्राम लिहिण्याचे काम आमच्या मंडळाने माझ्याकडे सोपविले. संकष्टीच्या दिवशी सकाळी ठीक ६ वाजता सभासदांच्या फोनवर संदेश जावा, ‘आज संकष्टी चतुर्थी. चंद्रोदय रात्री अमुक वाजून अमुक मिनिटांनी’, एवढीच अपेक्षा होती. मी तो माझ्या घरच्या संगणकावर लिहिला, तेथूनच चालविला, आणि सहा महिने त्याने बिनचूक काम केले. परंतु घरचा संगणक रात्रंदिवस चालू ठेवावा लागे. एकदा वादळात वीज गेली आणि त्या महिन्याचा संदेश गेलाच नाही. तेव्हा असे ठरले की, हा प्रोग्राम भाड्याने घेतलेल्या एखाद्या कायम चालू असणाऱ्या यंत्रावर, कंटेनरात बसवून, हलवावा. मी तो हलविला. प्रोग्रामातील एक अक्षरही बदलले नाही.

पुढल्या संकष्टीस संदेश सकाळी १० वाजता आला. तोपर्यंत निम्म्या घरांतून चहा-पाव होऊन गेला होता. त्यातही मजकूर होता, ‘चंद्रोदय रात्री ४ वाजून ५२ मिनिटांनी.’ एका काकांनी तो पहाटेचा ४ वाजून ५२ समजून रात्रभर उपाशी जागण्याची तयारी चालविली, असे त्यांच्या सूनबाईंकडून नंतर कळले. आमच्या शेजारच्या आजींनी मात्र दुपारीच फोन केला. “अरे बाबा, तुझ्या यंत्राला बरे नाही वाटते. वद्य चतुर्थीचा चंद्र दिवेलागण झाल्यावर दोन-अडीच तासांनी वर येतो. चारचा आकडा यात कोठून आला?” मी म्हटले, “आजी, पाहतो, घरी तर बरोबर चालत होता.” त्यावर त्या म्हणाल्या, “घरी बरोबर चालत होता, मग परक्या घरी गेल्यावर काय झाले ते विचार.”

त्या वेळी हे शब्द मला साधे वाटले. पुढील आठ दिवस मी जे शोधीत होतो त्याचा रस्ता त्यांत सांगितलेला होता, हे मागाहून ध्यानात आले.

आपल्यापैकी कित्येकांची मुले-नातवंडे आज एबेन येथील कचेऱ्यांतून हेच काम करतात आणि ‘माझ्या संगणकावर चालते, कंटेनरात चालत नाही’ हे वाक्य जेवणाच्या वेळी घरोघरी ऐकू येते. तेव्हा कंटेनर म्हणजे नेमके काय, हे येथे थोडे सांगणे अस्थानी होणार नाही.

शब्द आपणांस नवा नाही. पोर्ट लुईच्या बंदरावरून जाताना लोखंडी पेट्यांच्या चळती कोणाच्याही नजरेस पडतात. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजाने न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे अशा ५८ पेट्या नेल्या, आणि मालवाहतुकीचे युग पालटले. पेटीत साखर आहे की कापड, याची उचलणाऱ्यास फिकीर नसते. पेटीचे माप ठरलेले असले की पुरे. संगणकाच्या व्यवसायाने हाच शब्द उचलला. प्रोग्राम आणि त्यास लागणाऱ्या सर्व वस्तू एका ठरावीक साच्यात भरावयाच्या आणि तो साचा कोणत्याही यंत्रावर नेऊन चालवावयाचा, ही ती कल्पना. या साच्यास इमेज म्हणतात. त्यातून चालू झालेला जो प्रोग्राम तो कंटेनर. २०१३ साली सॉलोमन हाइक्स यांनी ‘डॉकर’ जगापुढे मांडल्यापासून ही रीत सर्वत्र पसरली.

परंतु पेटीची उपमा एका ठिकाणी फसवी आहे. लोखंडी पेटीस खऱ्या भिंती असतात; संगणकातील कंटेनरास भिंती नाहीत. तो इतर प्रोग्रामांसारखाच त्याच यंत्रावर, त्याच लिनक्सच्या गाभ्यावर चालतो. हा गाभा, ज्यास कर्नल म्हणतात, तो फक्त दोन प्रकारची बंधने घालतो: या प्रोग्रामास काय दिसावे, आणि त्यास किती मिळावे. काय दिसावे ते ठरविणाऱ्या सोयीस नेमस्पेस म्हणतात. त्यातील पहिली २००२ साली लिनक्समध्ये आली. किती मिळावे ते ठरविणारी सोय म्हणजे सीग्रुप. गूगलमधील अभियंत्यांनी २००६ मध्ये तिला आरंभ केला आणि २००८ च्या जानेवारीत ती कर्नलात दाखल झाली. मूळ कल्पना त्याहून जुनी आहे. प्रोग्रामास एका ठरावीक फोल्डराबाहेरचे काहीच दिसू नये, अशी आज्ञा १९७९ च्या युनिक्समध्येही होती.

आपल्या वाडवडिलांनी ज्या साखरेच्या इस्टेटींवर दिवस काढले तेथील कँपाची रचना ज्यांनी ऐकली-पाहिली असेल त्यांस हे चटकन समजेल. एका लांब ओळीत खोल्या. प्रत्येकाचे दार निराळे, चूल निराळी. परंतु छप्पर एक, आणि पाण्याचा नळ साऱ्या ओळीत मिळून एक. कंटेनर म्हणजे अशी खोली. स्वतंत्र बंगला नव्हे. म्हणून त्यातील प्रोग्रामावर दोन्हीकडून संकट येऊ शकते. जे घरी आपसूक मिळत होते ते खोलीत नसते. आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जे आपले नव्हे ते मात्र भिंतीवरून दिसत राहते.

आता माझ्या चंद्राकडे वळतो.

पहिली गोष्ट मी चुकीची केली. घाईने खगोलगणित पुन्हा तपासावयास बसलो. वातावरणातील वक्रीभवन, चंद्राचा लंबन, दक्षिण अक्षांशाचे ऋणचिन्ह, सारे पाहून झाले. त्यात दोन संध्याकाळी गेल्या. थोडा विचार केला असता तर त्या वाचल्या असत्या. खरा चंद्रोदय त्या दिवशी ८ वाजून ५२ मिनिटांनी होता आणि यंत्राने ४ वाजून ५२ सांगितले. म्हणजे चूक नेमकी चार तासांची, मिनिटाचीही वधघट नाही. वक्रीभवनाने मिनिटे चुकतील, लंबनाने थोडी अधिक चुकतील. पण आकाशाची चूक अशी गोल आकड्यात कधी येत नाही. गोल आकडा दिसला की तो माणसांनी ठरविलेल्या एखाद्या संकेतातून आला, असे खुशाल समजावे. आणि चार तास हा आकडा तर आमच्या बेटाचा परिचितच आहे: ग्रीनिच वेळेच्या आम्ही चार तास पुढे.

मग घड्याळाकडे का पाहिले नाही? पाहिले, पण आणखी एका कोड्याने वाट चुकविली. संदेश चार तास उशिरा आला होता, आणि चंद्रोदय चार तास लवकर दाखविला होता. घड्याळ एकच, ते बिघडले असते तर दोन्ही गोष्टी एकाच दिशेने चुकावयास हव्या होत्या, असा माझा तर्क. म्हणून मी दोन निरनिराळे दोष शोधीत बसलो. वस्तुतः दोष एकच होता. ज्याचे घड्याळ चार तास मागे आहे असा मनुष्य कामावर चार तास उशिरा येतो, कारण त्याचे ६ वाजतात तेव्हा जगाचे १० वाजलेले असतात. आणि तोच मनुष्य घडणाऱ्या गोष्टीची वेळ मात्र चार तास अलीकडची सांगतो. कागदावर दोन घड्याळे काढून पाहिल्यावर हे उमगले. एकमेकांविरुद्ध दिसणाऱ्या दोन लक्षणांचे मूळ एक असू शकते, हे वैद्यांस ठाऊक असते. मला ते या वयात शिकावे लागले.

त्यानंतर मी जे करावयास हवे होते ते केले. प्रोग्रामास हात न लावता कंटेनरात शिरलो. चालू कंटेनरात शिरून आज्ञा देता येते, त्यास ‘डॉकर एक्झेक’ म्हणतात. आत जाऊन ‘डेट’ ही साधी आज्ञा दिली. घरी मॉरिशसची वेळ दिसे; येथे ग्रीनिचची दिसली. तीच इमेज घरच्या संगणकावर चालवून पाहिली, तर तेथेही ग्रीनिच. म्हणजे भाड्याच्या यंत्राचा दोष नव्हता. दोष इमेजमध्ये, म्हणजे मी स्वतः बांधलेल्या गाठोड्यातच होता.

माझा प्रोग्राम चंद्रोदय ग्रीनिच वेळेत काढी आणि मग यंत्रास म्हणे, ‘ही वेळ येथील घड्याळात सांग.’ ‘येथील’ म्हणजे कोठले, हे त्यात कोठेही लिहिलेले नव्हते. घरचा संगणक विकत घेतला त्या दिवशी मी त्यास मॉरिशस सांगितले होते आणि मग विसरून गेलो. सहा महिने माझा प्रोग्राम त्या विसरलेल्या उत्तरावर जगत होता.

हे कळले त्या रात्री मला आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या आठवल्या. रत्नागिरीकडून मुंबई बंदरामार्गे आलेल्या माणसाच्या गाठोड्यात काय असेल? एखादे धोतर, लोटा, कदाचित देवाचा टाक. परंतु गावी तिथी सांगावयास ग्रामजोशी होता, त्यास गाठोड्यात बांधून आणता येत नव्हते. आणि तो लागेल हे बांधतेवेळी कोणाच्या मनातही आले नसेल. जे रोज न मागता मिळते ते बांधावयाच्या वस्तूंच्या यादीत येत नाही. असो.

उपाय सोपा वाटला. टीझेड नावाचा एक परिवर्तक असतो. त्यात स्थळाचे नाव घातले की यंत्र त्या स्थळाची वेळ सांगते. आपल्या बेटाचे तेथील नाव ‘इंडियन/मॉरिशस’ असे आहे. या ‘इंडियन’चा अर्थ भारतीय असा नसून हिंदी महासागरातील, एवढाच आहे. मी ते नाव कंटेनरास दिले आणि पुन्हा ‘डेट’ विचारले. उत्तर आले त्यात वेळेपुढे ‘इंडियन’ हा शब्द छापलेला, आणि वेळ मात्र ग्रीनिचचीच! नाव इंडियन आणि काटे विलायतेचे. आपल्या इतिहासात असले नमुने कमी नाहीत. पण यंत्राने ते करावे याचे हसू आले.

याचे कारण असे. जगातील प्रत्येक प्रदेशाने आपली घड्याळे केव्हा किती पुढे-मागे केली याची एक मोठी नोंदवही असते, तिला टीझेडडेटा म्हणतात. मी इमेज ज्या उबंटूच्या पायावर बांधली होती तो पाया मुद्दाम लहान ठेवलेला असतो आणि त्यात ही नोंदवही घातलेली नसते. स्थळाचे नाव दिले, पण त्या नावाचे पान ज्या वहीत आहे ती वहीच नाही. अशा वेळी यंत्राने ओरडून सांगावयास हवे की, मला हे स्थळ ठाऊक नाही. ते तसे करीत नाही. दिलेल्या नावाचा पहिला तुकडा तेवढा वेळेस चिकटविते आणि मुकाट्याने ग्रीनिच धरून चालते. माझ्या मते या साऱ्या प्रकरणात खरा दोष कोठे असेल तर तो या मौनात आहे. चुकीचे उत्तर देणाऱ्यापेक्षा उत्तर येत नाही हे न सांगणारा अधिक घातक.

या टप्प्यावर एका मित्राने सुचविले, ‘कशाला एवढा खटाटोप? प्रोग्रामात चार तास मिळवून टाक.’ हा मोह पुष्कळांस होतो आणि पुष्कळ ठिकाणी असेच केलेले आढळते. मी तो टाळला. एक तर, पुढे कोणी कंटेनराचे घड्याळ नीट केले तर तेच चार तास दोनदा मिळविले जातील आणि चंद्र मध्यरात्रीनंतर उगवेल. दुसरे असे की, आमचे घड्याळ नेहमीच चार तास पुढे होते असे नाही. २६ ऑक्टोबर २००८ पासून २९ मार्च २००९ पर्यंत सरकारने उन्हाळी वेळ लागू केली होती आणि घड्याळे एक तास पुढे सारली होती, हे वाचकांस आठवत असेल. त्यापूर्वी १९८२-८३ मध्येही तसा प्रयोग झाला होता. नोंदवहीत या सर्व तारखा आहेत. मिळविलेल्या चार तासांत त्या नाहीत.

नोंदवही इमेजमध्ये घातली. हाताने प्रोग्राम चालविला. चंद्रोदय बरोबर आला. मी निश्चिंत झालो. तरी पुढल्या चतुर्थीची वाट पाहत न बसता खात्री करावी म्हणून मी क्रॉनला काही मिनिटांनी एकदा काम करावयास सांगितले. क्रॉन हा युनिक्सच्या वाड्यातील जुना पहारेकरी. ठरल्या वेळी ठरलेले काम करवून घेणे हा त्याचा धर्म. त्याने हाक ठरल्या वेळी, मॉरिशसच्या वेळेप्रमाणे दिली. परंतु त्याच्या हाकेवर चाललेल्या प्रोग्रामाने पुन्हा ४ वाजून ५२ असेच लिहिले. तोच कंटेनर, तोच प्रोग्राम, तोच दिवस. मी चालविला तर बरोबर, पहारेकऱ्याने चालविला तर चूक.

आजींचे वाक्य मला येथे आठवले. परक्या घरी काय निराळे आहे, एवढेच विचारावयाचे. प्रोग्राम चालू होताना त्याच्याभोवती जे परिवर्तक असतात त्यांची यादी छापण्याची ‘एन्व्ह’ नावाची आज्ञा आहे. ती एकदा हाताने चालविली, एकदा क्रॉनकडून, आणि दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. हाताच्या यादीत कंटेनरास दिलेला टीझेड होता. क्रॉनच्या यादीत चार-पाच ओळीच होत्या. टीझेडचा पत्ता नव्हता. पहारेकरी स्वतः तो परिवर्तक मानतो, म्हणून हाक वेळेवर देतो. पण कामावर पाठविताना गड्यास तो बरोबर देत नाही. ही त्याची खोडी नव्हे, जुनी रीत आहे. प्रत्येक काम त्याने अगदी थोड्या सामानानिशी पाठवावे असेच ठरलेले आहे. ज्यास हे ठाऊक नाही तो मात्र आठवडा गमावतो.

अखेर दोन गोष्टी केल्या. इमेज बांधतानाच यंत्राच्या कायमच्या घड्याळफाइलीस मॉरिशसचे पान जोडून दिले, म्हणजे परिवर्तक असो वा नसो, वेळ येथलीच. ही झाली मलमपट्टी. खरा उपाय प्रोग्रामात होता: ‘येथील वेळ सांग’ असे विचारणे बंद करून ‘मॉरिशसची वेळ सांग’ असे नावाने विचारावयास लावले, आणि नोंदवहीत ते पान न सापडल्यास कोणासही संदेश न पाठविता थांबून मला कळवावे, अशी तजवीज केली.

चंद्राची कथा येथे संपली, परंतु या रीतीचे दोष इतरही आहेत आणि ज्यांची मुले या व्यवसायात आहेत त्यांनी ते एकदा ऐकून ठेवावेत. मंडळाच्या सभासदांची यादी अकारविल्हे लावणारा माझाच दुसरा प्रोग्राम घरी नीट चाले. कंटेनरात गेल्यावर ‘É’ ऐवजी देवनागरीतच सांगावयाचे तर, ज्या फ्रेंच नावांच्या आद्य ‘ए’वर आघातचिन्ह असते ती सारी नावे ‘झेड’च्याही मागे जाऊन बसली. आपल्या नावांतही घोळ झाला. अक्षरांस यंत्रात जे क्रमांक दिलेले आहेत त्यांत ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच मागे येतो, तर आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर, त्यामुळे ‘काळू’ हा ‘कावजी’च्या आधी आला. भाषेचे नियम, ज्यांस लोकेल म्हणतात, ते लहान इमेजमध्ये घातलेले नसतात. मग यंत्र केवळ क्रमांकांवर जाते.

गणपतीचे एक चित्र घरी दिसे, कंटेनरात दिसेना. कारण एवढेच की, फाइलीच्या नावात पहिले अक्षर रोमन लिपीतील मोठे होते आणि प्रोग्रामात लहान. घरच्या संगणकास मोठ्या-लहानाचा भेद नसतो, लिनक्सला असतो.

‘लोकलहोस्ट’ या शब्दाने तर नव्या मुलांस फार रडविले आहे. त्याचा अर्थ ‘माझे घर’. कंटेनरात बसून तो उच्चारला की कंटेनराचेच घर समजले जाते, बाहेरच्या यंत्राचे नव्हे. शेजारच्या खोलीतील डेटाबेस तेथे कसा सापडावा? उलट बाजूनेही तेच. प्रोग्राम केवळ आपल्याच घरचे ऐकत बसला असेल तर बाहेरून कितीही दार ठोठावले तरी उत्तर मिळत नाही.

भिंतीवरून शेजाऱ्याचे दिसते, असे मी वर म्हटले त्याचे उत्तम उदाहरण जावा भाषेचे आहे. जावाचा प्रोग्राम सुरू होताना यंत्राची स्मृती किती ते पाहतो आणि साधारण तिचा चौथा हिस्सा आपला धरून चालतो. जुन्या जावास कंटेनराची मर्यादा कळतच नसे. तिला साऱ्या यंत्राची स्मृती दिसे. यंत्रात ६४ गिगाबाइट, कंटेनराचा वाटा अर्धा गिगाबाइट. प्रोग्राम १६ गिगाबाइटांच्या हिशेबाने संसार थाटू लागे, आणि वाटा ओलांडताच कर्नल त्यास जागच्या जागी ठार करी. प्रोग्रामाच्या नोंदीत एक शब्दही उमटत नसे. बाहेर फक्त १३७ हा आकडा दिसे. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे: १२८ आणि ९ यांची बेरीज, आणि ९ हा युनिक्समधील ‘तात्काळ मार’ या संकेताचा क्रमांक. २०१८ साली जावाच्या दहाव्या आवृत्तीत ही दृष्टी सुधारली आणि त्याच वर्षी आठव्या आवृत्तीसही ती देण्यात आली. तरी जुने प्रोग्राम अजून पुष्कळ ठिकाणी चालतात, आणि १३७ अजून दिसतो.

‘लेटेस्ट’ या शब्दावर विसंबणाऱ्यांस एक सूचना. इमेजचे हे एक नाव आहे, वचन नव्हे. आज त्या नावाखाली एक इमेज असेल, पुढल्या महिन्यात दुसरी. प्रत्येक इमेजला तिच्या आशयावरून काढलेली एक लांबलचक अक्षरमुद्रा असते. ती लिहून ठेवावी, म्हणजे दोन यंत्रांवर एकच इमेज चालत आहे की नाही हा वाद राहत नाही. मी ती आता वहीत लिहून ठेवतो. घरातील मंडळी हसतात.

आजींचा नियम मी प्रोग्रामात घातला आहे. संदेश जाण्यापूर्वी तो त्या दिवशीचा येथील सूर्यास्त काढतो, आणि चंद्रोदय सूर्यास्तानंतर किमान एका तासाने नसेल तर संदेश रोखून धरतो. कोणत्याही पुस्तकात मला ही तपासणी सापडली नव्हती. ‘रात्री’ हा शब्दही आता आपोआप छापला जात नाही; वेळ पाहून छापला जातो. ते काका पुन्हा पहाटेपर्यंत जागे राहणार नाहीत, एवढी खात्री देता येईल.

एकादशीच्या संदेशाचे काम अद्याप व्हावयाचे आहे. तेथे तिथी सूर्योदयास पाहावी लागते, आणि येथील सूर्योदय बहुधा भारतातील सूर्योदयानंतर होत असल्याने कधी कधी एकादशीचा दिवसच निराळा येतो. त्याबाबत जाणत्या मंडळींचे मार्गदर्शन घ्यावे लागेल. प्रोग्राम आणि इमेज बांधण्याची कृती यांची प्रत मंडळाच्या चिटणीसांकडे ठेवली आहे. ज्या तरुणांस हात लावावयाचा असेल त्यांनी ती अवश्य मागून घ्यावी.